जोड कोण लावतं?

बॉक्सिंग म्हटलं की आपल्याला आठवतात मोहम्मद अली, माइक टायसन, मेरी कोम आणि विजेंदर सिंग. रिंगमध्ये काय होतं हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. एक मारतो, दुसरा पडतो, रेफ्री दहापर्यंत आकडे मोजतो, की संपलं! पण हे दोघं त्या रिंगमध्ये समोरासमोर आले कसे? नेमके हेच दोघं का? आणि हेच दोघं हवे होते, तर कधीकधी पाच-पाच वर्षं का लागतात? या प्रश्नांच्या मागे मी गेलं वर्षभर लागले आहे. त्यातलं जेवढं कळलं तेवढं इथे मांडते. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिशचे खडे लागतील. तेवढं सांभाळून घ्या.

दोन प्रकारच्या लढती

आधी एक फरक लक्षात घेऊ. ऑलिंपिकमध्ये बॉक्सरला प्रतिस्पर्धी निवडता येत नाही. वजनी गट ठरलेला असतो, ड्रॉ निघतो आणि चिठ्ठीत जो येईल त्याच्याशी खेळावं लागतं. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये सहसा असा ड्रॉ नसतो. लीग नाही, टाइमटेबल नाही, सेमीफायनल नाही. प्रत्येक लढत म्हणजे एक स्वतंत्र करार. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या तर लढत, नाहीतर काही नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण सांगते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटच्या फायनलला लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो समोरासमोर आले. ड्रॉ तसा निघाला, म्हणून आले. लुईस जिंकला. पुढे दोघंही प्रोफेशनल झाले, दोघंही हेवीवेट चॅम्पियन झाले. १९९२ मध्ये लुईस हा बोचा अधिकृत दावेदार होता. बोने काय करावं? डिसेंबर १९९२ मध्ये त्याने लंडनमध्ये पत्रकारांसमोर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला! पट्टा गेला तरी चालेल, पण ही लढत या अटींवर नको. हे दोघं प्रोफेशनल रिंगमध्ये एकमेकांसमोर कधीच आले नाहीत. चिठ्ठीने जी लढत एका दिवसात लावून दिली, ती करोडो डॉलर आणि बड्या बड्या वकिलांना जमली नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे

इंग्लिशमध्ये याला मॅचमेकिंग म्हणतात. मला वाटायचं की हा खास अमेरिकन धंदा असेल. पण कल्याणला राहणारा माझा मामा सातारकडचा, लहानपणी तालमीत घुमलेला. त्याला मी हे सगळं समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, "अगं, म्हणजे जोड लावणं!"

खरंच की! आपल्या कुस्तीतही हे दोन प्रकार आहेत. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा आहे. ती १९६१ पासून चालू आहे. तिथे गटवार कुस्त्या होतात, गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात आणि जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते. तिथे कोणी कोणाला निवडत नाही. जत्रेचं मैदान मात्र वेगळं. तिथे यात्रा कमिटी जोड लावते. पोस्टरवर छापलेलं असतं, एक नंबरची कुस्ती अमुक विरुद्ध तमुक, इनाम इतके हजार, देणगीदार अमुक शेठ. ही झाली नेमलेली कुस्ती. ती आधीच ठरते, दोन्ही वस्तादांशी बोलणं होतं, इनाम किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, निकाली करायची की वेळ लावायची, बरोबरीत सुटली तर पैसे कसे वाटायचे. बाकीच्या लहान कुस्त्या तिथल्या तिथे लागतात. पोरगं लंगोट लावून आखाड्यात फिरतं, जोड मागतं, आणि कमिटीतला जाणता माणूस दोघांना शेजारी उभं करून उंची, खांदे, मान बघतो आणि हातात हात देतो. कल्याण-शीळ रस्त्याच्या आसपासच्या गावांतल्या जत्रांत आजही कुस्त्या लागतात. एकदा नुसतं हे जोड लावणं बघायला जा. कुस्तीइतकीच मजा येते.

मामाचं म्हणणं असं, की चांगली जोड म्हणजे ज्यात निकाल कोणालाच सांगता येत नाही. आणि वाईट जोड म्हणजे ज्यात निकाल कमिटीला आधीच माहीत असतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे नुरा कुस्ती, जी पैलवानांनाही आधीच माहीत असते. हे तीन प्रकार डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

आणि प्रमोटरही आपल्याला नवीन नाही. १९१० मध्ये आर. बी. बेंजामिन नावाचा प्रमोटर गामा पैलवानाला लंडनला घेऊन गेला. गामाने सगळ्यांना जाहीर आव्हान दिलं. सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग अमेरिकेचा डॉ. रोलर हरला. १० सप्टेंबर १९१० ला पोलंडच्या झ्बिश्कोशी कुस्ती झाली. झ्बिश्को बराच वेळ नुसता जमिनीला चिकटून राहिला, अडीच तासांहून जास्त वेळ गेला तरी निकाल नाही. १७ तारखेला पुन्हा कुस्ती ठरली, तर झ्बिश्को आलाच नाही. आणि ज्याला तेव्हा जगज्जेता म्हणत होते त्या फ्रँक गॉचशी गामाची गाठ कधीच पडली नाही. चॅम्पियनला अवघड माणसाशी लढून मिळवायचं थोडं आणि गमवायचं सगळंच असतं. हे गणित शंभर वर्षांत बदललेलं नाही.

या खेळातली पात्रं

प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये एका लढतीमागे किमान पाच जण असतात.

पहिला बॉक्सर. दुसरा त्याचा मॅनेजर. हा आपला वस्ताद समजा, निदान पैशाच्या बाबतीत. त्याचं काम बॉक्सरला जास्तीत जास्त पैसे आणि कमीत कमी धोका मिळवून देणं. तिसरा प्रमोटर. हा आपली यात्रा कमिटी. हॉल, तिकिटं, टीव्ही, पोस्टर, सगळं त्याचं. नफा त्याचा, तोटाही त्याचा. चौथा मॅचमेकर, जो प्रमोटरकडे नोकरी करतो आणि ज्याच्या डोक्यात शेकडो बॉक्सर्सची वजनं, सवयी आणि भाव असतात. पाचवी म्हणजे पट्टा देणारी संस्था. अशा मोठ्या संस्था चार आहेत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. म्हणजे एकाच वजनात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात!

मॅनेजर आणि प्रमोटर यांचे हितसंबंध एकमेकांच्या उलट आहेत हे लक्षात आलं ना? बॉक्सरला दिलेला प्रत्येक रुपया प्रमोटरच्या खिशातून जातो. म्हणून ही दोन कामं एकाच माणसाकडे असू नयेत. अमेरिकेत २००० साली मोहम्मद अलीच्या नावाने कायदा झाला, त्यात हेच बंधन घातलं. शिवाय प्रमोटरने त्या लढतीतून आपल्याला किती मिळतंय हे बॉक्सरला सांगितलं पाहिजे असंही त्यात आहे. कायदा करावा लागला, यावरूनच आधी काय चालत असेल ते समजा.

विजेंदरची शिडी

आता आपल्या जवळचं उदाहरण. ५ ऑगस्ट २०१७, वरळीचं एनएससीआय. मी तेव्हा शाळेत होते, टीव्हीवर पाहिली. विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतिअली. डब्ल्यूबीओच्या एशिया पॅसिफिक आणि ओरिएंटल अशा दोन पट्ट्यांसाठी. डोकलामवरून भारत आणि चीन यांच्यात तणाव होता, त्यामुळे तिकिटं खपवायला वेगळी जाहिरात करावी लागली नाही. दहा राउंड झाले. पंचांचे गुण होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. विजेंदर जिंकला. नंतर तो म्हणाला की सीमेवर शांतता राहणार असेल तर मी हा पट्टा परत द्यायला तयार आहे.

पण हा सामना आकाशातून पडला नाही. तो दोन वर्षं बांधला जात होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणारा विजेंदर २०१५ मध्ये प्रोफेशनल झाला आणि इंग्लंडच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी त्याने करार केला. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये सनी व्हायटिंगला त्याने तिसऱ्या राउंडमध्ये थांबवलं. पुढचा डीन गिलेन, पेशाने फायरमन. मग सामेत ह्युसेइनोव्ह, मग अलेक्झांडर होरवाथ, जो म्हणे सापाचं रक्त पिऊन तयारी करत होता. (हे रक्त वाया गेलं, तिसऱ्या राउंडमध्ये सगळं आटोपलं.) मग मतिउझ रोयर, मग आंद्रे सोल्ड्रा. सहा लढती, सहाही निकाली. म्हणजे चितपट म्हणा ना!

सातवी लढत १६ जुलै २०१६ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर, केरी होपशी. हा एकेकाळचा युरोपियन चॅम्पियन, पण उमेदीचा काळ मागे टाकलेला. पहिल्यांदाच विजेंदरला पूर्ण दहा राउंड जावं लागलं आणि पहिला पट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये टांझानियाचा फ्रान्सिस चेका. चाळीसहून जास्त लढतींचा अनुभव, पण तिसऱ्या राउंडमध्ये खलास. आणि मग वरळीला झुल्पिकार, तरुण, डावखुरा, तोवर एकही लढत न हरलेला.

ही शिडी नीट बघा. आधी ज्यांच्याशी जिंकणार हे माहीत आहे असे. मग नाव मोठं पण धार गेलेली असे. आणि मग एक खरा धोका, तोही घरच्या गर्दीसमोर. आपल्या प्रत्येक सेमिस्टरमध्ये असंच असतं ना? युनिट टेस्ट, प्रिलिम आणि मग युनिव्हर्सिटीचा पेपर! यात लबाडी आहे का? मला वाटतं, सरसकट नाही. रिंगमध्ये चार राउंड टिकणं वेगळं आणि दहा राउंड टिकणं वेगळं. ते शिकायला पायऱ्या लागतातच. पण पायऱ्याच चढत राहिलं आणि गच्ची कधी आलीच नाही, तर मग ती मामाची वाईट जोड.

आणि कितीही हिशोब करा, जोड ही शेवटी जोडच. १९ मार्च २०२१ ला पणजीत मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग उभारली होती. विजेंदर तोवर १२ लढती जिंकलेला, एकही न हरलेला. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच, वय २६, नाव कोणी ऐकलेलं नाही. पाचव्या राउंडमध्ये विजेंदर हरला. मधल्या लॉकडाऊनच्या काळात त्याची सव्वा वर्षाहून जास्त काळ एकही लढत झाली नव्हती. मॅचमेकरच्या वहीत वजन असतं, उंची असते, रेकॉर्ड असतो. गंज किती चढलाय हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

पट्टा आणि टेंडर

आता सर्वांत इंजिनीअरिंगच्या जवळचा भाग. चॅम्पियनने टाळाटाळ केली तर काय? त्यासाठी प्रत्येक संस्थेने एक नियम ठेवलाय. चॅम्पियनला ठराविक मुदतीत, साधारण नऊ महिने ते एक वर्ष, अधिकृत दावेदाराशी लढावंच लागतं. नाही लढला तर पट्टा काढून घेतात. मधल्या काळात तो आपल्या पसंतीचा प्रतिस्पर्धी निवडू शकतो, म्हणून तिथे हुशारी चालते. प्रत्येक लढतीमागे संस्थेला बॉक्सरच्या मानधनातून साधारण तीन टक्के फी जाते, त्यामुळे मोठ्या चॅम्पियनला दुखवायला संस्थाही सहसा तयार नसतात हे ओघानेच आलं.

दावेदार ठरला की दोन्ही प्रमोटर्सना बोलणी करायला मुदत देतात. जमलं नाही तर पर्स बिड. पर्स बिड म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, सीलबंद टेंडर! जो प्रमोटर सर्वांत मोठी रक्कम लिहील त्याला ती लढत भरवायचा हक्क. रक्कम आधीच ठरलेल्या प्रमाणात दोन्ही बॉक्सर्समध्ये वाटली जाते. दुसऱ्याने काय लिहिलंय हे कोणाला माहीत नसतं. कमी लिहिलं तर लढत गेली, फार जास्त लिहिलं तर धंद्यात बुडाला.

२०२१ ची गोष्ट. टिओफिमो लोपेझ चॅम्पियन, ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज कॅम्बोसोस आयबीएफचा दावेदार. लोपेझच्याच प्रमोटरने, टॉप रँकने, साधारण २३ लाख डॉलर लिहिले. मॅचरूमने साधारण ३५ लाख. आणि या धंद्यात नव्या आलेल्या ट्रिलर कंपनीने ६० लाखांच्या वर! वाटणी ६५-३५. आता हिशोब करा. टॉप रँक जिंकली असती तर कॅम्बोसोसला साधारण ८ लाख मिळाले असते. ट्रिलरच्या आकड्यावर त्याचे झाले २१ लाख. पण टेंडर भरणं सोपं, काम पूर्ण करणं अवघड, हे आपल्याकडच्या रस्त्यांवरून चालणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ट्रिलरच्या तारखा पुढे पुढे सरकत गेल्या, शेवटी त्यांचा हक्क रद्द झाला आणि दुसऱ्या नंबरच्या मॅचरूमकडे लढत गेली. अर्थात तिच्या कमी रकमेवर. २७ नोव्हेंबर २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये लढत झाली आणि ज्याला सगळे नुसता दावेदार समजत होते तो कॅम्बोसोस जिंकला.

मोठ्या नावांचे आकडे आणखी वेगळे. २०२२ मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी फ्रँक वॉरनने ४ कोटी १० लाख डॉलरची बोली लावली. त्यातले दहा टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला काढून उरलेले ८०-२० असे वाटले. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याला मोठा वाटा. बॉक्सिंगमध्ये त्याला ए साइड म्हणतात. आपल्याकडे पोस्टरवर कोणाचा फोटो मोठा, यावरून भांडणं होतात, तेच हे.

पैसे सोडून बाकी सगळं

वाटाघाटी म्हणजे फक्त रक्कम, असं मला आधी वाटायचं. पण एका लढतीने माझं मत बदललं. ६ एप्रिल १९८७, शुगर रे लेनर्ड विरुद्ध मार्विन हॅगलर. लेनर्ड तीन वर्षं रिंगपासून दूर होता. हॅगलर चॅम्पियन, त्यामुळे जास्त रक्कम त्याला, १ कोटी २० लाख डॉलर. लेनर्डला १ कोटी १० लाख. पण लेनर्डच्या बाजूने तीन गोष्टी मागून घेतल्या. राउंड पंधराऐवजी बारा. ग्लोव्ह्ज दहा औंसांचे, म्हणजे जास्त गादीचे. आणि रिंग मोठी, वीस फुटांची. प्रत्येक अट जोरात मारणाऱ्याच्या विरुद्ध आणि पळत खेळणाऱ्याच्या बाजूची! लेनर्ड अगदी थोड्या फरकाने, दोन विरुद्ध एक पंच अशा निकालाने जिंकला. हॅगलर पुन्हा कधी लढला नाही. लढत रिंगमध्ये जिंकली की टेबलावर, यावर लोक अजून वाद घालतात.

अशा अटी अनेक असतात. वजन कितीपर्यंत, आदल्या दिवशी मोजायचं की त्याच दिवशी सकाळी पुन्हा. कोणत्या देशात. पंच कोण. औषधांची तपासणी कशी. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत मार्च २०१० मध्ये होणार होती, ती रक्ताच्या तपासणीच्या अटीवरून फिसकटली. झाली कधी, तर २ मे २०१५ ला. ६०-४० वाटणी, दोन प्रतिस्पर्धी टीव्ही चॅनेल्सना एकत्र यावं लागलं आणि अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे भरून ती पाहिली. तोपर्यंत एक ३८ वर्षांचा झाला होता आणि दुसरा ३६ चा. पैसे विक्रमी मिळाले, लढत मात्र थंड झाली.

शिवाय परतीच्या लढतीची अट. २०२१ मध्ये फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांची लढत जवळजवळ ठरली होती. तेवढ्यात लवादाने निकाल दिला की करारानुसार फ्युरीला आधी डिऑन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढावं लागेल. जुन्या कागदातल्या एका कलमाने नवी लढत गेली.

कल्याणचा कागद

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, जर मामाच्या घरी तो कागद आला नसता. माझा मामेभाऊ १९ वर्षांचा आहे, बॉक्सिंग करतो, राज्य पातळीपर्यंत खेळलाय. एका छोट्या प्रोफेशनल कार्यक्रमासाठी त्याला विचारणा झाली. चार राउंड, पंधरा हजार रुपये. त्याने मला फोन केला, "ताई, दोन पानं इंग्लिश आहे. वाचून सांग ना." घरात कॉन्व्हेंटवाली मी एकटीच! डोंबिवलीहून दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर सरळ कल्याणला गेले.

कागदात काय होतं? वजन ६७ किलोपर्यंत. हा खेळतो ६३ ला. लढत सहा दिवसांनी. समोरच्याचं नाव कागदात नव्हतं, फोनवर सांगितलं होतं. इंटरनेटवर शोधलं तर तो पाच लढती खेळलेला आणि पाचही जिंकलेला निघाला, आणि त्याच्या मित्रमंडळींनी बरीच तिकिटं घेतली होती. हा जिंकला तर पुढच्या तीन लढती त्याच आयोजकाकडे, त्याच रकमेत. हरला तर काहीच बंधन नाही. म्हणजे काय ते कळलं? तो हरावा अशीच त्या कागदाची रचना होती, आणि चुकून जिंकलाच तर तो स्वस्तात हातात राहावा!

मामाने चष्मा लावून ६७ चा आकडा दोनदा वाचला. म्हणाला, "चार किलो म्हणजे काय भाजी आहे का?" मामीने एकच प्रश्न विचारला, "नाक मोडलं तर डॉक्टरचं बिल कोण भरणार?" दोन्ही पानांत त्याचं उत्तर नव्हतं. मला वाटतं, त्या संध्याकाळी सर्वांत चांगली मॅनेजर मामीच होती.

आम्ही चार मागण्या लिहून पाठवल्या. वजन ६४ किलो. समोरच्याचं नाव कागदात. वैद्यकीय खर्च आणि विमा आयोजकाचा. तीन लढतींचं कलम काढा, किंवा प्रत्येक लढतीला रक्कम वाढवा. भाऊ घाबरला होता, म्हणाला, "एवढं मागितलं तर ते दुसऱ्याला घेतील." त्याचं बरोबर होतं. त्यांनी नाव लिहायची तयारी दाखवली, बाकी नाही, आणि दोन दिवसांत दुसरा मुलगा मिळवला. तो दुसऱ्या राउंडमध्ये हरला. भावाने मोबाईलवर त्याची क्लिप खूप वेळा पाहिली. "याला मी हरवलं असतं का?" असं तो समोरच्या विजेत्याबद्दल विचारतो. मी मात्र दुसऱ्याच मुलाचा विचार करते. त्याच्याकडे तो कागद कोणी वाचला असेल? प्रोफेशनल रेकॉर्डवर त्याची पहिली नोंद पराभवाची पडली आणि ती पुसता येत नाही. पुढच्या वेळी मॅचमेकर वही उघडेल तेव्हा त्याच्यासमोर हाच आकडा असेल आणि त्याला पुन्हा असंच बोलावणं येईल.

भाऊ अजून अमॅच्युअर खेळतोय. प्रोफेशनल व्हायचं त्याने सोडलेलं नाही, आणि मामाही नको म्हणत नाही. फक्त आता घरात एक वही आहे. तिच्यात प्रश्न लिहिलेले आहेत. वजन किती आणि कधी मोजणार? किती दिवस आधी कळवणार? समोर कोण, त्याचा रेकॉर्ड काय? पैसे कधी मिळणार, कापून काय घेणार? डॉक्टर, अँब्युलन्स, विमा? जिंकलो तर काय, हरलो तर काय? माझ्या मॅनेजरला पैसे कोण देतंय?

हे प्रश्न फक्त बॉक्सरचे आहेत असं मला वाटत नाही. थर्ड इयर संपत आलं की आपल्यासमोरही कागद येणार आहेत, बाँड, नोटीस पिरियड, अमुक वर्षं कंपनी सोडता येणार नाही वगैरे. पण त्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहावा. माझा विषय बॉक्सिंग आहे.

तर जोड कोण लावतं? जाहिरातीत दिसतं की दोन बॉक्सर एकमेकांना आव्हान देतात. प्रत्यक्षात टीव्हीच्या तारखा, संस्थेची मुदत, तिकीट कोणाच्या नावावर खपतं आणि कोणाला घाई आहे, हे सगळं मिळून जोड लागते. ज्याला घाई असते त्याला कमी मिळतं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला नेहमीच घाई असते. म्हणून जत्रेतला तो जाणता माणूस मला फार मोठा वाटतो. तो दोन पोरांना शेजारी उभं करतो, खांदे बघतो, आणि बरोबरीचे नसतील तर सगळ्या गावासमोर मान हलवून सांगतो, "ही जोड नाही." पोरं हिरमुसतात, पण आपापल्या पायांनी घरी जातात.